लाद्यांच्या सांध्यातला लाल रंग

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते आणि बाथरूमच्या लाद्यांमधल्या रेघा अजून लालच होत्या.

सासूबाई तिथंच पडल्या होत्या. जन्मभर मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकलेली बाई, टोपली उचलताना कधी अडखळली नाही, आणि घरच्या ओल्या लादीवर पाय घसरला. उंबऱ्याची कड कपाळाला लागली. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, नवव्या दिवशी गेल्या. नवरा मुंबईला नोकरीला, वन्संचं सासरही तिकडेच. इथे रत्नागिरीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आम्ही दोघीच राहायचो. मग मी एकटीच उरले.

त्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये असताना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाथरूम धुऊन काढलं. मी परत आले तेव्हा लादी कोरडी, स्वच्छ होती. महिन्याभराने मात्र मोरीच्या बाजूच्या सांध्यात तांबूस रेघ दिसायला लागली. बरोबर तिथंच, जिथं त्यांचं डोकं टेकलेलं होतं.

मी खायचा सोडा पाण्यात कालवला, रेघेवर थापला, जुन्या टूथब्रशने घासला. रेघ फिकटही झाली नाही. सोड्यावर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला, जरा वेळाने बसला, आणि खाली लाल तसंच. रिठ्याचं पाणी झालं, कपड्याचा साबण झाला. गुडघ्यांना घट्टे पडले. घासताना नळ चालू ठेवायची नाही मी. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू यायची. "अगो!" एवढीच. दोनदा ब्रश टाकून बाहेर येऊन बघितलं होतं.

वन्सं येणार म्हणून शेवटी मी काकूंना खालून बोलावलं. रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "काकू, हे जात नाही हो."

काकूंनी वाकून पाहिलं. "अगो, ह्यो गंज! आपल्या बोअरच्या पाण्यात लोखंड हाय. माज्याकडे पण असाच होता. सोड्यानं नाय जायचा, आंबट लाव. बिंबलां देतंय झाडावरची."

बोटाएवढी हिरवी, आंबट बिंबलं ओंजळभर आणून त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती ठेचली, रस रेघांवर पिळला, चोथा वर दाबून ठेवला. अर्ध्या तासाने ब्रश फिरवला तर लाल रंग पाण्याबरोबर वाहून गेला. खाली पांढरं सिमेंट दिसलं, नव्यासारखं.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी पाटावर बसून राहिले. वर्षभर ते रक्त समजून घासत होते. आता घासायला काही नव्हतं आणि जे धुवायचं होतं ते तसंच होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. हातपाय धुवून बाहेर येत म्हणाल्या, "किती लख्ख ठेवलंयस गं. आईला बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, "वन्सं, मी लगेच नव्हते गेले."

"कुठे?"

"त्या दिवशी. आईंनी हाक मारली, 'अगो, माजा टावेल भायर ऱ्हायला.' मी खोबरं वाटत होते. 'थांबा, येते' म्हटलं. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, बादली. वाटण काढलं, भांडं धुतलं, आणि मग टॉवेल घेऊन गेले."

"किती वेळ गेला?"

"दहा मिनिटं असतील. सगळ्यांना मी सांगितलं, लगेच धावले म्हणून. डॉक्टरांनासुद्धा."

वन्सं खुर्चीवर बसल्या. बराच वेळ पदराने कोरडेच हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी आई जरा बोलली होती. मला म्हणाली, हाक मारली तशी सून धावत आली."

सासूबाईंना काही कळलंच नव्हतं, की सगळं कळत असूनही त्या लेकीशी माझ्यासाठी खोटं बोलल्या? कपाळावर टाके घातलेले असताना?

"भावाला मी नाही सांगणार," वन्सं उठता उठता म्हणाल्या. "तू सांग."

त्या दिवशी त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. श्राद्धाचा स्वयंपाक आम्ही दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून केला. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

श्राद्धाला मुंबईहून आलेल्या नवऱ्याला मी पाहुणे गेल्यावर सांगितलं. तो रागावला नाही. चप्पल घालून जेटीपर्यंत चालत जाऊन आला, पाणी प्यायला आणि माझ्यासमोर बसला.

"तिनं हाक एकदाच मारली होती?"

"एकदाच."

"नक्की?"

मी हो म्हणणार होते. पण तो आपटल्याचा आवाज आल्यानंतर मी उरलेल्या खोबऱ्यासाठी मिक्सर परत चालू केला होता. तो चालू असताना त्यांनी किती वेळा हाक मारली, मारली की नाही, ते मला माहीत नाही. तसंच मी त्याला सांगितलं.