लपून बसलेली बालवाडी

टिपणीससाहेब गेल्याचं त्यांच्या मुलाचं पत्र मला बालवाडीतच मिळालं. पोरं खाऊ खात होती, म्हणून डोळे पुसायचीही सोय नव्हती. वाईट तर वाटलंच... आणि लाजही वाटली.

उरणजवळच्या आमच्या मिठागरावर साहेब आले ते स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांनी. आया मिठाच्या कुंड्यांत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांत, राबायच्या आणि पोर पाण्यात जाऊ नये म्हणून त्याला लुगड्याच्या पट्टीने बांधावरच्या खुंट्याला बांधून ठेवायच्या. या पोरांसाठी सरकारने बालवाडी मंजूर केली. साहेब ती बांधणार आणि सातवी पास म्हणून मी तिथली बाई होणार. बांधून झाल्यावर महिन्याभरात दहा पोरं आली नाहीत, तर तिचं गोदाम होणार होतं.

पण इमारत कसली ती! मातीच्या भिंती, वर पेंढ्याचं उतरतं छप्पर. पावसाळ्याआधी मिठाची रास झाकून ठेवतात, तशी बांधाच्या आडोशाला बसलेली. सरकारी इमारत म्हणजे चुना, लाल कौलं आणि लांबून दिसणारी पाटी. ही लपते कशाला? दारूबंदीचे दिवस, खाडीकाठच्या झुडपांत गावाच्या भट्ट्या. त्यात खिडक्या जमिनीपासून जेमतेम हातभर वर. "बसून नजर ठेवायला क्येल्यान," माझे वडील म्हणाले. पाया खणायच्या आधीपासून साहेब बांधावर उकिडवे बसून कोण कुठून जातं ते वहीत टिपत असत. एकदा वही उघडी राहिली आणि मी डोकावले. गावच्या साऱ्या पायवाटा तीत काढलेल्या! घरी जाऊन मी सांगितलं, हे पोलिसांचं ठाणं आहे. आठवड्यात भट्ट्या हलल्या. पोर एकही आलं नाही, आणि साहेबांना कुणी पाणीही विचारेना.

शेवटी बारकी आजी झडती घ्यायला आली. गावातली सगळ्यांत मोठी भट्टी तिची. कोपरान् कोपरा धुंडाळून ती खिडकीशी फतकल मारून बसली.

"खाडी न्हाय दिसत गो," ती जरा हिरमुसलीच. "माजी सून दिसते."

पलीकडच्या कुंडीतून सुनेनेही हात केला. दुसऱ्या दिवशी आजी नातवाला कडेवर घेऊन आली. वहीतल्या वाटा कामावर जाणाऱ्या आयांच्या होत्या; त्या वाटा जिथे एकत्र येत, तिथे साहेबांनी दार ठेवलं होतं. "पोराला वाटायला नको, की आई आपल्याला कचेरीत टाकून गेली," एवढंच ते म्हणाले. महिना सरायच्या आत अकरा पोरं झाली.

गेल्या वर्षी ते शेवटचे आले, तेव्हा भिंतीवरून हात फिरवत त्यांनी सहज विचारलं, "ती ठाण्याची आवई कुणी उठवली होती हो, बाई?"

"कोण जाणे," मी म्हणाले.

"ज्याने उठवली, त्याने माझी वही पाहिली असणार," ते हसले आणि चपला घालून एसटीकडे निघाले.

त्यांना ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे. माफी मागायची वाट त्यांनी स्वतःच उघडून दिली होती... आणि मी म्हणाले, कोण जाणे.