औत सोडून गेलेले पणजोबा

भिंगारहून निघताना माझ्या पिशवीत दोनच गोष्टी होत्या: अक्कासाठी करंज्या आणि मी लिहिलेलं बत्तीस पानी कीर्तन.

"करंज्या आधी द्या," बायको म्हणाली. "म्हणजे कीर्तन सहन करतील."

निवृत्तीनंतर मी दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून पाळकांच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) उपदेशाला मनातल्या मनात गुण देत असे. एकदा ते मोठ्याने दिले गेले. पाळक शांतपणे म्हणाले, "सर, एक तुम्हीच लिहा." आमच्याकडे उपदेश कीर्तनातूनही होतो, म्हणून पणजोबांवर कीर्तन लिहिलं. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म त्यांनी आणला. ते देवळाली प्रवराचे, आणि माझी थोरली बहीण अक्का तिथेच दिलेली. तिने तिथल्या चर्चमध्ये कार्यक्रम ठरवून टाकला. शाळेत पस्तीस वर्षं माझ्या श्रोत्यांना घंटा झाल्याशिवाय उठता येत नव्हतं. ज्यांना उठता येतं अशी माणसं माझ्यापुढे बसतात का, हे एकदा बघायचं होतं.

राहुरीपर्यंत एसटी बरी चालली. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. शेजारचा प्रवासी खाली उतरला, रस्त्यावर पडलेला ऊस उचलून पुन्हा चढला. कंडक्टरने निम्मा मागून घेतला.

चर्चपुढे मंडप होता. बॅनरवर माझा फोटो पासपोर्टएवढा, प्रमुख पाहुण्यांचा दाराएवढा. ते तासभर उशिरा आले, तोवर हजर असलेल्यांचे सत्कार झाले. मग त्यांचा झाला. मग कुणी नाराज नको म्हणून उरलेल्यांचेही. माझ्या वाट्याला तीन शाली आल्या. भर दुपारी त्या पांघरून मी वाफेवर शिजत होतो. "सरांचं कीर्तन ऐकून मी भारावलो," असं सांगून प्रमुख पाहुणे कीर्तनाआधीच निघून गेले.

तेवढ्यात मंडपामागे रश्शाला फोडणी बसली आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. पेटीवाल्याने सूर धरला. मी सांगू लागलो: पणजोबा औत हाकत होते. बांधावरून एक उपदेशक गात चालला होता. ते शब्द कानी पडले आणि पणजोबा औत तसंच उभं ठेवून तीन दिवस त्याच्यामागे चालत गेले!

पुढच्या रांगेत एक हात वर झाला. अक्काचे शेजारी दामूअण्णा. ते आमच्या धर्माचे नव्हेत, पण जेवणाचं आमंत्रण सगळ्या आळीला होतं.

"बोला," मी सवयीने म्हणालो.

"सर, बैल कुनी सोडले?"

"कोणते बैल?"

"औताचे! मानंवर जू, डोक्यावर ऊन, अन् ह्यो बाबा तीन दिस गायब."

मी पान उलटलं. पुढच्या पानावर अंतरीचा प्रकाश होता. बैल नव्हते.

"सोडले असतील कुणीतरी."

"असतील म्हंजे? मुकं जनावर हाय, सर!"

रश्शाकडे वळलेल्या माना परत फिरल्या. इतका वेळ बायकांत बसलेली अक्का उठली.

"पणजीनं सोडले. आजी सांगायची. भाकरी घिऊन गेली तर नवरा न्हाई, नुसतं औत उभं. सातवा म्हयना हुता तिला. बैलांना पानी पाजलं, त्याच्या वाटची भाकरी खाल्ली, अन् ऱ्हायलेलं रान तिनंच नांगरलं."

"अन् त्यो आल्यावर?" दामूअण्णा.

"म्हनला, मला देव भेटला. ती म्हनली, लई बरं झालं. आता बैलांना वैरन टाका."

मंडप हसून हसून हलला. दामूअण्णा निवांत टेकून बसले. "हां. आता सांगा तुमचं."

माझं काय सांगणार? बत्तीस पानांत ती बाई एकदाही आली नव्हती. "आधी जेवून घेऊ," मी म्हणालो. त्या दिवशी एकमताने मंजूर झालेली ती एकच गोष्ट. पंगतीत मी अक्काच्या शेजारी बसलो आणि पणजीबद्दल विचारत राहिलो. रस्सा गार झाला.

परतीच्या एसटीत एका पानाच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात अडलो. घरी पोहोचताच अक्काला फोन लावला.

"पणजीचं नाव काय गं?"

"पणजी."

"अगं, नाव!"

"आजी तर सासूला आत्याबाईच म्हनायची रे. इथल्या पाळकांकडं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर हाय, पर उंदरांनी खाल्लंय. रविवारी यिऊन बघ."

"काय, बसले का लोक?" बायकोने विचारलं.

"बसले. मीच उठलो."

रविवारची पहिली गाडी धरणार आहे. उंदरांनी तेवढी एक ओळ सोडली असू दे, अशी प्रार्थना रोज करतो आहे. आणि मनापासून केलेली प्रार्थना इतकी छोटी असते, हे मला या वयात कळतं आहे.