पंधरावं नाव

कालव्याची पहिली झडप उघडण्याआधी ओफेलिया बारागान रोज काचेची बरणी पाण्यात बुडवायची, उजेडासमोर धरायची आणि दिसेल तो रंग वहीत लिहायची. गढूळ. शेवाळी. आज बरं. बावीस वर्षं ती बदामाच्या बागांना पाणी सोडत होती, पण या पाण्यात काय काय असतं, हे तिला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी ती आमच्या कम्युनिटी कॉलेजात आली. इथे सुरुवातीचे विषय करायचे आणि मग विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला बसायचं, असं तिचं ठरलेलं. आम्ही सगळे तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणायचो. सख्खी भाची तिला एकही नव्हती.

पहिल्याच वर्षी कॉलेजच्या सल्लागाराने तिला सोपं रसायनशास्त्र घ्यायला लावलं. "या वयात कशाला डोक्याला ताप?" तो विषय विद्यापीठ धरतच नाही, हे तिला पास झाल्यावर कळलं. त्यानंतर तिने विषयांचा तक्ता स्वतःच आखला, विद्यापीठाच्या यादीशी ओळ न ओळ ताडून. अवघड रसायनाचा पहिला भाग शरद सत्रात पार केला. दुसरा भाग फक्त वसंतात असायचा, सकाळी आठला. मुकादमाकडून तिने दुपारची पाळी घेतली. विचारून नाही, सांगून.

आणि जानेवारीत निरोप आला. अकराच नावं आली आहेत, शुक्रवारी बारापर्यंत पंधरा झाली नाहीत तर वर्ग रद्द. म्हणजे विद्यापीठही एक वर्ष लांब.

"पुढच्या वर्षी बघू," सल्लागार म्हणाला.

"तुम्ही बघा. मी याच वर्षी बसणार."

पहिल्या भागाला कोण कोण होतं ते तिला तोंडपाठ होतं. तीन दिवस ती आपला पिकअप घेऊन दारोदार फिरली. टायरच्या दुकानातली येसेनिया हो म्हणाली, तिया जाईचना म्हणून. नर्स व्हायला निघालेल्या वांग बहिणी जोडीने आल्या. चौदा झाले. शुक्रवारी साडेदहाला ती मला घेऊन दुआर्तच्या गोठ्यावर गेली. दुआर्त सिल्वेरा तिशीतला, गुडघ्यापर्यंत बूट, डोळे तांबारलेले.

"तिया, मी पहाटे तीनपासून धारा काढतो. वर्गात घोरेन."

"घोर की. घोरणाऱ्याचंही नाव यादीत चढतं."

"नापास झालो तर?"

"शिकवीन मी. वर मक्याच्या पानात उकडलेले तामाले खाऊ घालीन."

"कसले?"

"डुकराचे. फोन काढ."

"हात शेणाने भरलेत माझे."

"मग पासवर्ड सांग, मी दाबते."

अकरा चाळीसला पंधरावं नाव चढलं. सल्लागाराकडे ती गेलीही नाही.

सोमवारी सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, तोवर दुआर्तची मान टेबलावर टेकली होती. तियाने त्याला कोपराने ढोसलं.

"हजर म्हण आधी," ती म्हणाली. "मग झोप."