शेवटच्या प्रकरणाआधी

जर्मन कादंबऱ्यांतल्या जेवढ्या पोरांनी घर सोडलं, त्या सगळ्यांना निरोप द्यायला माझी मोठी नणंद, आमची ताई, जातीने हजर होती. शहाणा होऊन परतलेल्या एकाचंही तोंड तिने पाहिलेलं नाही. कारण ती शेवटचं प्रकरण वाचत नाही. ‘‘शेवटी तो नोकरी धरतो, लग्न करतो आणि देशाचा सभ्य नागरिक होतो. मग माझं त्याच्याकडे काय काम?’’ असं विचारून ती पुस्तक मिटते. नेदरलँड्समध्ये आर्नहेमच्या तिच्या घरात अशी जवळजवळ वाचलेली पुस्तकं भिंतभर आहेत.

पुण्यात ती जर्मन शिकवायची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, आर्नहेमला वीज कंपनीत नोकरी लागली तेव्हा नकाशात जर्मनीची हद्द जवळ दिसली, एवढ्यावर ती यायला तयार झाली. सुरुवातीला ती डच शेजारणीशी निष्ठेने जर्मन बोलायची आणि शेजारीण तितक्याच निष्ठेने इंग्रजीत उत्तर द्यायची. घरी बसून वाचणं तिला जमत नाही. नायक रस्तोरस्ती भटकत असताना आपण सोफ्यावर बसणं अप्रामाणिक वाटतं, म्हणून ती ट्रेनमध्ये वाचते, तेही डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. एकदा तिकीट तपासनिसाने काही हरवलंय का विचारलं. ‘‘हा,’’ ती पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘घर सोडून निघालाय.’’

तिचा सिद्धान्त आल्यागेल्याला ऐकावाच लागतो. या कादंबऱ्या लिहायला लागले तेव्हा जर्मनी हा एक देश नव्हता. भाषा एक, राज्यं अनेक. ‘‘देश नव्हता, म्हणून त्यांनी आधी मुलगा वाढवला. घर सोडायचं, चुकायचं, आपटायचं, मग कळतं आपण कोण. पोराचं तेच देशाचं.’’ पुढे त्या देशाने जे केलं त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. ‘‘म्हणून तर शेवट वाचत नाही,’’ ती म्हणाली, आणि उठून खिडकी उघडून आली. मग नेहमीप्रमाणे गाडी भाऊजींकडे वळली. ‘‘आमच्यांना बघ. पन्नाशी आली, तरी भेंडी चिरण्याआधी आईला फोन!’’ भाऊजी फोनवरच होते. ‘‘आई, ती हसतेय,’’ त्यांनी तिकडे कळवलं.

लेकीला तिने सिद्धान्ताप्रमाणे वाढवलं. लहानपणी तिला एकटीला कोपऱ्यावर पाव आणायला पाठवलं आणि स्वतः झाडांआडून मागे गेली. ‘‘आई, डू नॉर्माल!’’ पोरीने वळून डचमध्ये झापलं. नीट वाग, हे आईला सांगायची तिची ती पहिली वेळ.

हीच लेक आता युट्रेख्तला शिकते. यंदा तिने डच नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागणार. सिद्धान्ताप्रमाणे ताईने पेढे वाटायला हवे होते. त्याऐवजी ती सुसाट वाऱ्यात सायकल हाणत सुटली. मधूनच थांबून मला फोन करायची. ‘‘अगं, एवढ्यात कशाला? भटकू दे की अजून.’’

‘‘ताई, ती इथेच वाढली.’’

‘‘वाढली नाही, वाढतेय!’’

नागरिकत्वाचा समारंभ युट्रेख्तच्या नगरपालिकेत होता; ताई-भाऊजींबरोबर मीही गेले होते. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं आणि ताई प्रत्येक नावागणिक दाराकडे सरकत होती. लेकीचं नाव आलं तेव्हा ताईचा हात दाराच्या मुठीवर होता. घरात डचशिवाय उत्तर न देणारी ती मुलगी पुढे जाता जाता थांबली आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, ‘‘आई, बस ना.’’

ताई बसली. लेकीने स्वच्छ डचमध्ये प्रतिज्ञा केली आणि ताईने ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली.

स्टेशनवर आम्हाला सोडून मुलगी तिच्या खोलीकडे गेली. परतीच्या ट्रेनमध्ये ताईने एकही फेरी मारली नाही. खिडकीशी बसून तिने पिशवीतली कादंबरी काढली आणि शेवटचं प्रकरण उघडलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आर्नहेम जवळ आलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, ‘‘कसा आहे शेवट?’’

‘‘चांगला आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘जरा घाईत आटोपलाय.’’

मग तिने पानं उलटत पुस्तकाची सुरुवात काढली. तिथे पोरगा अजून घरीच होता.