करंजी घाटातली खिचडी

शेवगावच्या स्टँडवरची कुत्रीसुद्धा मला पाहून उठून उभी राहतात, एवढा प्रवास मी केला आहे. तरी त्या बुधवारी नगरच्या एसटीत चढताना मी पायरीवरच घुटमळलो. सोबत सुमनवहिनी होती, माझ्या चुलतभावाची, भीमाची बायको. छातीच्या कर्करोगाचा इलाज संपला होता, आता तपासणीला बोलावलं होतं. भीमा कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेला. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. वहिनी आजारी पडल्यापासून भीमा अर्धा कोयता झाला. बैलजोडी गेली, म्हैस गेली, वहिनीच्या गळ्यात काळे मणी तेवढे उरले.

पण घुटमळलो तो वहिनीच्या पिशवीतल्या डब्यामुळे.

हा रोग हाताने लागतो, असं गल्लीत कुणीतरी बोललं आणि अख्ख्या गल्लीला भक्तीचं भरतं आलं. वहिनीने ताट पुढे केलं की ज्याला त्याला उपवास. माझं तर विचारूच नका. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारांना मी स्वतःच देव नेमले. दोन वर्षं एवढे कडक उपवास करून माझं वजन चार किलोंनी वाढलं.

तिसगाव मागे पडलं, तुरीची शेतं संपली आणि करंजी घाटात गाडीचा टायर फुटला. आवाज असा की पाथर्डीत लोकांनी दिवाळी समजून दिवे लावले असतील. सगळे खाली उतरून लिंबाखाली बसले. वहिनीने डबा उघडला. मी नेहमीचं सुरू केलं, "वहिनी, आज बुधवार..."

"ठावं हाय, भावजी. उपवास हाय तुमचा. म्हनून साबुदान्याची खिचडीच केलीय."

शेजारी बसलेला कंडक्टर डब्याकडे आशेने बघत होता. पळायला घाट अपुरा पडला. मी पहिला घास असा घेतला, जशी लोक विहिरीत उडी घेतात. दुसरा जरा बरा गेला. पाचव्या घासाला मी कंडक्टरकडे पाठ केली.

वहिनी शांतपणे म्हणाली, "डागतरनं कागदावर लिहून दिलं, हे खान्यापिन्यानं लागत न्हाई. कागद कोन वाचतंय? पन तुमी खाल्लं, की तुमच्याच तोंडानं सांजच्याला चार गावांत हुतंय. म्हनून तुमालाच संगं आनलं."

मला ठसका लागला. पाणीही तिच्याच बाटलीतलं प्यालो.

तपासणी चांगली निघाली तर शुक्रवारी गल्लीला जेवायला बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. कुणी आलं नाही तर पुन्हा कुणाला बोलवायचं नाही, हेही.

दवाखान्यात दुपार गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काही आढळलं नाही, सहा महिन्यांनी या. वहिनीने भीमाला फोन लावला. तो तीनदा "बरं" म्हणाला. मग फोनमध्ये पाचटाची (उसाच्या वाळल्या पानांची) सळसळ आली; फोन न ठेवताच तो पुन्हा तोडीला लागला होता.

गावात परतल्यावर मी पारावर बसून सांगितलं की घाटात खिचडीसाठी मारामारी झाली, कंडक्टरने गाडी गहाण ठेवायची तयारी दाखवली आणि मी एकट्याने अकरा डबे संपवले. तपासणीचं मात्र जसं होतं तसंच सांगितलं. त्यात माझ्याच्याने भर घालवेना.

शुक्रवारी वहिनीने शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली) केले. मी बसलो. बाकी पंगत रिकामी. वहिनी दाराकडे बघायचं टाळत होती. मी आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने भुरके मारले नाहीत. तेव्हा शेजारची कौसाबाई, जिचे उपवास माझ्याहूनही कडक, उंबऱ्यात येऊन म्हणाली, "ह्या बाबानं सगळं संपवायच्या आत वाढ गं, सुमन." तिच्यामागे तिच्या सुना, मग समोरचं घर.

नगर काय, सत्तर किलोमीटर. माझ्या ओट्यापासून त्या चुलीपर्यंतच्या वीस पावलांना मला दोन वर्षं लागली.

मी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. वहिनीने पातेलं तिरकं करून रिकामा तळ दाखवला आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या शुक्रवारी मला खरोखर अर्धपोटी उठावं लागलं.