घागरीचा कट्टा

अंबाजीमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. शहरात अशांना वास्तुविशारद म्हणतात, आमच्या परंदवडीत मिस्त्रीच म्हणत. मराठी सातवी झाल्यावर ते लोणावळ्याला रेल्वेच्या ओव्हरसियरकडे नकाशे उतरवायला राहिले आणि उतरवता उतरवता काढायला शिकले.

एकोणीसशे चोवीस साली गावच्या तळ्याला घाट बांधायचं काम त्यांना मिळालं. स्वतःचं असं पहिलंच. ते बघून लोणावळ्याच्या भाजीबाजाराची आखणी मामांना द्यायची की नाही, हे बोर्डाचे साहेब ठरवणार होते.

घाट झाला, भैरोबाला नारळ फुटला. पण बायका पाण्याला जात त्या पलीकडच्या चिखलाच्या उतारानंच. महिपती पाटील म्हणाले, बायकांना नवं रुचत नाही, येतील हळूहळू. महिना गेला. मामांना जेवण गोड लागेना. शेवटी ते शेजारच्या म्हाताऱ्या झुंबरबाईंकडे गेले.

"तू पायऱ्या तुझ्या ढांगेनं मोजल्यास, अंबाजी," त्या म्हणाल्या. "डोईवर घागर घिऊन चढ बगू येकदा."

मामांनी पागोटं काढून डोक्यावर चुंबळ ठेवली आणि भरली घागर घेऊन चढू लागले. चौथ्या पायरीला निम्मं पाणी कोटावर. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, त्यांत माझी आईही.

"पुरं आता. न्हालास की," झुंबरबाई म्हणाल्या.

साहेब यायला चार दिवस होते. पाटलांनी सुचवलं, तेवढ्या दिवसापुरत्या बायका घाटावर उभ्या करू.

"आबा, सायेब येक दिस येनार," मामा म्हणाले. "ह्या रोज येनार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पहार घातली. साहेबांना उखडलेला घाट दिसला. मामांनी चूक आपली म्हणून सांगून टाकलं. बाजाराचं काम त्या वर्षी निघालंच नाही, आणि निघालं तर मामांना मिळेल असं कुणालाच वाटेना.

नव्या पायऱ्या आधीसारख्या वीतभर नव्हत्या, आठच बोटं उंच होत्या. मध्यावर घागर टेकायला कमरेएवढा कट्टा. झुंबरबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पहिली घागर तिथं टेकवली.

तीन वर्षांनी साहेब त्या वाटेनं चालले होते. घाटावर बायकांची रीघ बघून थांबले. महिन्याभरात मामांना लोणावळ्याहून बोलावणं आलं. नकाशाचा कागद उलगडण्याआधी मामा आठवडाभर भाजीवाल्या मावश्यांच्या शेजारी पोत्यावर बसून राहिले.

पुढं वीस वर्षं त्यांनी मावळात कितीतरी पाणवठे, धर्मशाळा, बाजार आखले. मी माहेरी गेले की तळ्यावर जाते. कट्ट्याच्या दगडाला घागरींच्या बुडानं खळगा पडलाय. भैरोबाच्या आधी माझा हात तिथं जातो, देव रागावत नसावा.