गुप्त्यांच्या गॅलरीच्या सात झडपा

रघु मेस्त्रीला कुणी ‘कार्पेंटर’ म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. प्लायवुडला खिळे ठोकतात ते कार्पेंटर, आपण सुतार, असं त्याचं सरळ म्हणणं. चौऱ्याहत्तरी गाठली तरी हा गडी दिवाळीच्या आधी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून लालबागहून दादरला चालत जातो, गुप्त्यांच्या घराच्या लाकडाला तेल लावायला.

घर एकोणीसशे चोवीसचं. दादर तेव्हा गावाबाहेर होतं. थोरल्या गुप्त्यांना कचेरीतले लोक विचारायचे म्हणे, की तिकडे रात्री कोल्हे येतात का हो? आता दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले आहेत आणि मध्ये हे दुमजली घर, मोठ्यांच्या पंगतीत बसलेल्या पोरासारखं.

शहाऐंशी साली गॅलरीच्या सातही लाकडी झडपा वाळवीने खाल्ल्या. घराचे मालक वसंतराव, थोरल्यांचे चिरंजीव, रघुला एवढंच म्हणाले, “बाबांना वरून दिसलं तरी फरक कळता कामा नये.” झालं, रघुने ते मनावर घेतलं. जुन्या घराला कोवळं लाकूड लावू नये, ही त्याच्या बापाची शिकवण. अकरा दिवस त्याने रे रोडच्या वखारी पालथ्या घातल्या आणि कुठल्याशा पाडलेल्या इमारतीची सागवानी तुळई शोधून काढली. खिळा एकही नाही, सगळं खुंट्यांवर. चार महिने लागले. तिसऱ्या झडपेत मूळ सुताराच्या हातून एक पट्टी जाड झाली होती. रघुने तीसुद्धा तेवढीच जाड केली. बायको लक्ष्मी म्हणायची, “थंयच बिऱ्हाड कर आता.” ते दिवस आठवले की रघुला अजून सागाचा वास येतो. आयुष्यात त्याहून चांगलं काम त्याच्या हातून झालं नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

वसंतराव पाहुण्यांना बिनदिक्कत सांगत, “आमच्या झडपा बाबांच्या वेळच्या,” आणि रघुकडे बघून मिशीत हसत. तेवढी कौतुकाची पावती रघुला पुरे होती. आता वसंतराव नाहीत. सून वैदेही घर सांभाळते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनेही झडपा थोरल्यांच्या वेळच्या, हेच ऐकलेलं. भाऊबंदांना टॉवर हवा आहे. घर हेरिटेजच्या यादीत गेलं तरच वाचेल, म्हणून यंदा पाहणीला रुचा नावाची आर्किटेक्ट आली तेव्हा वैदेहीने देवापुढे नारळ ठेवला होता.

रुचा तशी हुशार. भिंती, जिना बघून तिने नाक मुरडलं; फरशी बदललेली, जिना सिमेंटचा. “मूळचं फार राहिलं नाही हो,” ती म्हणाली. वैदेहीचा चेहरा उतरला. मग रुचा गॅलरीत आली आणि थांबली. एकेका झडपेवरून तिने हात फिरवला. तिसरीपाशी वाकून म्हणाली, “ही पट्टी बघा, जाड झालीय. हातकाम. शंभर वर्षांपूर्वीचा तो माणूस समोर उभा राहतो. असे हात आता कुठे मिळणार?”

रघु तिच्यापासून दोन हातांवर शिडीला धरून उभा होता. छाती अशी भरून आली की शब्द ओठापर्यंत आले. असं त्याच्याबद्दल आजवर कुणीच बोललं नव्हतं.

रुचा वळली. “काका, तुम्ही इतकी वर्षं येताय. यातलं काही बदललंय का? या झडपा मूळच्या असतील तर घराची बाजू भक्कम होते.”

वैदेही त्याच्याकडे बघत होती. तिने पदर हातात घट्ट धरला होता.

“नाय ताई,” रघु म्हणाला. “मी नुसतं तेल लावतो.”

वैदेहीने डोळे मिटून श्वास सोडला. रुचाने फॉर्मवर खूण केली, मग पेन थांबवलं. “सुताराचं नाव माहीत असतं तर लिहिलं असतं. इथे रकाना आहे त्याच्यासाठी. तुम्हाला काही ऐकून माहिती?”

रघुने तेलाचं फडकं उचललं आणि तिसऱ्या झडपेकडे वळला, म्हणजे तोंड दिसू नये.

“जुना माणूस तो,” तो म्हणाला. “कोणाला ठाऊक? कोरं ठेवा.”